गाडीपर्यंत

माझ्यावर एक पिक्चर निघाला होता, आणि त्यात एकही गाणं नव्हतं. मंचरच्या एका मंगल कार्यालयात तो भर दुपारी दाखवला, खिडक्यांना मांडवाचं कापड लावून. लोक अजून मला त्यावरून छळतात. "गाण्याच्या माणसाचा पिक्चर आन गाणं एक न्हाई, राव!" मी हसतो. हसायची सवय मला सत्कारांनी लावली आहे. फोटो निघेपर्यंत तोंड तसंच ठेवता येतं.

पिक्चर कशाचा होता हे सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल.

मी निरगुडसरचा. गावच्या दूध डेअरीत मापाला होतो. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, मधला दिवस मोकळा. शेत थोरला भाऊ बघायचा. त्या मोकळ्या दिवसात मी गाणी लिहायचो. आधी यात्रेतल्या भजनाला, मग बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात भोंग्यावर लावायला, मग लग्नांची. नव्वद सालानंतर कॅसेटचा जमाना जोरात होता. नारायणगावच्या एका कॅसेटवाल्याला लग्नाच्या गाण्यांचा संच काढायचा होता. हळदीचं झालं, वरातीचं झालं, पाठवणीचं एक राहिलं होतं आणि रेकॉर्डिंग दोन दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी दुधाचा टँकर उशिरा आला. तो येईपर्यंत फॅटच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी गाणं लिहून काढलं. कुणाची आठवण येऊन नाही की कुणाचं दुःख बघून नाही. टँकर उशिरा आला म्हणून.

त्यातल्या दोनच ओळी सांगतो, कारण लोकांना तेवढ्याच पाठ आहेत:

दारात चपला मोजते आई,
एक जोड कमी, एक जोड कमी.

कॅसेट निघाली आणि वर्षभरात मंचरपासून ओतूरपर्यंत एक बँड असा राहिला नाही की जो पोरगी गाडीत बसताना हे वाजवत नव्हता. मग लोक घरी यायला लागले. आमच्या पोरीसाठी तिचं स्वतःचं कडवं लिहून द्या, म्हणायचे. त्यासाठी माझी एक पद्धत ठरली होती. नवरीच्या आईसमोर बसायचं आणि विचारायचं, घरात अशी कोणती वस्तू आहे जी फक्त हीच वापरते? प्रत्येक आई आधी म्हणायची, "काय न्हाई ओ, साधीच हाय पोरगी." आणि मग एक काहीतरी सांगायची. कुणी सांगितलं, पिनांचा पत्र्याचा डबा. कुणी सांगितलं, बसायचा फुटका पाट, दुसरं कुणी त्यावर बसलं तर भांडायची. ती वस्तू मी घ्यायचो आणि दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत बसवायचो. चाल तीच, बाकीचं गाणं तेच.

लग्नाच्या दिवशी मी बँडच्या गायकाच्या बाजूला उभा राहायचो. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ आली की नवरीची आई कोसळायची, तिच्यामागे बाकीच्या बायका, मग बाप. कधी चुकलं नाही. दुधात लॅक्टोमीटर सोडून आकडा बघावा तसं मी ते बघायचो. मग जेवायला जायचो.

माझी मुलगी लहानपणापासून या सगळ्याला साक्षी होती. माझं अक्षर वाईट म्हणून कडवी ती चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. तिला वस्तूची जागा माहीत होती. एकदा, नववीत असेल, लिहिता लिहिता थांबून तिने विचारलं, "नाना, ह्या पोरीचं नाव काय?" मला आठवेना. मी म्हणालो, "आहे कुठेतरी चिठ्ठीवर." तिने पुढची ओळ उतरवायला घेतली.

सत्कारांचंही सांगायला हवं. आमच्याकडे लग्न म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धी सभा असते. अक्षता पडायच्या आधी माइकवरून तासभर पाहुण्यांची नावं पुकारतात, फेटा, शाल, नारळ, फोटो. माझं नाव त्यात कायमचं आलं. घरात शालींचा ढीग झाला. नारळ तर बायकोने विकत आणलाच नाही बरीच वर्षं. "खोबरं संपलंया," म्हणायची, "एखादं लगीन गाठा." मला ते टोचत नव्हतं. खरं सांगायचं तर मला सत्कार आवडायचा. डोक्यावर फेटा चढला की मी मापाड्या राहायचो नाही.

मुलीचं लग्न ठरलं ते खोडदला. जावई तिथल्या दुर्बिणींच्या कामावर, त्या मोठाल्या डिश असतात ना शेतांमध्ये, त्यांच्या वायरिंगकडे. चांगलं घर. सासूबाई तोंडाने फटकळ, पण त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, "इवाई, तुमचं गानं लागलं की मी जेवत न्हाई त्या दिशी." लग्न आमच्याच शेतात ठरलं, कांदा निघाल्यावर मोकळ्या वावरात मांडव घालून.

आठ दिवस राहिले असताना मुलगी डेअरीत आली. दुपारची वेळ, मी कॅन धूत होतो. म्हणाली, "नाना, माज्या लग्नात ते गानं लावायचं न्हाई."

"का गं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं लोकं बघत्याल. तुमी ते कसं बनवता मला म्हाईतंय." मग थोडं थांबून म्हणाली, "आन माज्यासाठी नवीन पन काय लिहू नका. तुमी फकस्त गाडीपर्यंत या."

"एवढंच?"

"एवढंच."

मी हो म्हणालो. अवघड काय होतं त्यात? स्टेजपासून गाडी पन्नास पावलं.

बँडमास्तरला मी बजावून ठेवलं, पाठवणीला दुसरं काहीही वाजव, माझं नको. तो हसला आणि मान डोलावली. त्याला वाटलं मी लाजतोय. स्वतःच्या दारात स्वतःचं गाणं वाजवा असं कोण तोंडाने म्हणेल? ते समोरच्याने ओळखायचं असतं. आमच्याकडची रीत तशीच आहे, त्याला दोष देता येत नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या. दिवस कलला तशी पाठवणीची तयारी सुरू झाली. पांढरी गाडी झेंडूच्या माळा लावून मांडवाच्या तोंडाशी उभी होती. बायका मुलीला घेऊन तिकडे निघाल्या आणि मीही खुर्ची सोडली. तेवढ्यात पुढारी आले. मोठे पुढारी लग्न लागल्यावरच येतात, त्यांना दिवसाला दहा लग्नं असतात. माइकवाल्याने मला नावाने पुकारलं. अख्ख्या तालुक्यातल्या बापांना रडवणाऱ्या कवीचा आज त्यांच्या लेकीच्या लग्नात साहेबांच्या हस्ते सत्कार, त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावं.

मी गाडीकडे बघितलं. बायका अजून अर्ध्या वाटेत होत्या. दोन मिनिटांचं काम, असं मनात म्हणालो आणि स्टेजवर चढलो.

फेटा बांधताना एक माणूस डोक्याशी असतो आणि दुसरा चार-पाच हात लांब उभा राहून कापडाचं टोक ताणून धरतो. मध्ये तुमचं डोकं. "मान हालवू नका, नाना, इस्कटंल," डोक्याशी असलेला म्हणाला. साहेब बोलत होते. त्यांच्याही मुलीच्या पाठवणीला हेच गाणं होतं म्हणे. त्यांचं बोलणं चालू असताना बँड सुरू झाला. माझंच गाणं. बँडमास्तरने लांबून माझ्याकडे बघून छातीला हात लावला.

मान हलवता येत नव्हती, पण डोळे फिरत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला गाडी दिसत होती. तिच्याभोवती बायकांचा घोळका, त्यात माझी बायको. मुलगी गाडीच्या दाराशी उभी होती, आत बसत नव्हती. कुणीतरी तिला खांद्याला धरून बसवलं. दार लागलं, पण गाडी निघाली नाही. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

मी उठू शकलो असतो. कापड हिसकावून उतरलो असतो तर लोकांनी कौतुकच केलं असतं. पण फेट्याचे दोनच वेढे राहिले होते. आणि बँडचं पहिलं कडवं संपून दुसरं लागलं होतं. मी काय करत होतो ते सांगतो. मी ओळी मोजत होतो. पहिली, दुसरी. तिसऱ्या ओळीला घोळक्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले आणि मी मनात म्हणालो, बरोबर. क्लॅरिनेट जरा उतरलं होतं, तेही माझ्या कानाने पकडलं. गाडी गेली तेव्हा मी क्लॅरिनेटच्या सुराचा विचार करत होतो.

मग साहेबांनी माझ्या हातात नारळ दिला आणि फोटो निघाला.

घरी आल्यावर बायकोने माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने नारळ माझ्या हातातून घेतला, देवापाशी ठेवला आणि कामाला लागली. तो फोडला नाही. पुढे बरेच दिवस तो तिथेच होता, मग एक दिवस दिसला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी मांडव परतणीला माहेरी आली. सगळ्यांचं जेवण झालं. मी ओसरीवर सुपारी कातरत बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नाना, त्या दिशी तुमी गोठ्यामागं जाऊन रडत व्हता ना? मी सासरी तसंच सांगितलंय. बापाला बघवंना, म्हून गोठ्यामागं गेला."

मी तिच्याकडे बघितलं. ती सुपारीकडे बघत होती.

"हं," मी म्हणालो.

या एका अक्षरावर पुढची पाच-सहा वर्षं गेली. खोडदला माझं नाव झालं. विहीणबाई जिथे जातील तिथे सांगायच्या, ज्याचं गाणं ऐकून दुनिया रडते तो माणूस स्वतःच्या लेकीला निरोप द्यायला उभा राहू शकला नाही. ते फिरत फिरत आमच्याकडे आलं. मग एका सत्कारात माइकवाल्याने ते सांगितलं. आणि मग, हे लिहायला मला लाज वाटते, एका सत्कारात ते मीच सांगितलं. आवाजही जरा कापरा केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर मी ते सगळीकडेच सांगू लागलो.

गाणी मात्र आटली. लोक घरी यायचे, मी नवरीच्या आईसमोर बसायचो, वस्तू विचारायचो, ती सांगायची. चिठ्ठी कोरी राहायची. आधी मला वाटलं वय झालं. मग कॅसेटच बंद पडल्या, सीडी आल्या, बँड जाऊन डीजे आले, त्यामुळे कुणाला माझा अंदाज आला नाही. पण माझं मला कळत होतं. घरची गाय गेली, बारा वर्षं गोठ्यात होती. बायको तिच्या मानेला धरून रडली आणि मी डेअरीची वेळ झाली का ते बघत होतो. वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटायला हवं आहे एवढं कळत होतं, पण ते वाटणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. जेवण जेवायचो, झोप लागायची. मंचरच्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

अशात ती पुण्याची मुलगी आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, केस बारीक कापलेले, सोबत कॅमेरा घेतलेला एक मित्र. तिच्या मावसबहिणीचं लग्न अवसरीला झालं होतं, तिथे तिने माझं गाणं ऐकलं आणि हे कुणी लिहिलं म्हणून शोधत आली. मी आता लिहीत नाही हे माझ्याकडूनच कळल्यावर तिने ठरवलं, एका गाजलेल्या गीतकाराचं लिहिणं अचानक का थांबतं यावर पिक्चर करायचा. मी शाली काढून दाखवल्या, तिने त्या नीट बघितल्याही नाहीत. डेअरीत येऊन बसायची, काही न बोलता. मी कॅन धुवायचो.

एके दुपारी मी तिला ती गोष्ट सांगितली, गोठ्यामागची. आवाज सवयीने कापरा झाला. सगळे विचारायचे की तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तिने वेगळंच विचारलं.

"काका, गाडी निघाली तेव्हा गोठ्यामागून तुम्हाला काय दिसत होतं?"

मला सांगता येईना. गोठ्यामागे उकिरडा आहे आणि त्यापलीकडे भावाची विहीर. तिथून रस्ता दिसतच नाही. मी तोंड उघडलं, मिटलं. ती थांबली होती. मान हलवत नव्हती, हं हं करत नव्हती.

"मी तिथे नव्हतो," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. फेट्याचं टोक, साहेब, क्लॅरिनेट, तिसरी ओळ. सांगताना मला काही झालं नाही. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली तेव्हा थांबलो.

पिक्चर त्यांनी अवसरी बुद्रुकच्या एका वावरात मांडव घालून काढला. माझ्या जागी पुण्याचा एक नाटकातला नट होता. मी एकदाच बघायला गेलो. नट स्टेजवर बसला होता, डोक्याशी एक माणूस, लांब एक माणूस, मध्ये कापड. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. पिक्चर म्हणजे लोक बघणार, आणि लोकांमध्ये माझी मुलगी. ती इतकी वर्षं समजत होती की बाप गोठ्यामागे रडत होता. तेवढ्यावर ती सासरी मान वर करून राहिली होती. ते मी एका परक्या मुलीला देऊन टाकलं होतं.

मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. म्हणालो, बाई, ते स्टेजवरचं तेवढं काढ, हवं तर गोठ्याचं घाल.

"काका," ती म्हणाली, "ते काढलं तर मग राहतं काय?"

मी फोन ठेवला आणि बूथवाल्याला पैसे दिले.

पहिला खेळ मंचरला ठेवायचा तिनेच हट्ट धरला. मी खोडदला फोन केला. मुलीला म्हणालो, पिक्चर काही खास नाही, उन्हाचं कशाला येताय. ती म्हणाली, "सासूबाई ऐकत न्हाईत. त्यांनी नवं लुगडं काढून ठेवलंय." बायकोला म्हणालो, तू तरी चल. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. "मी व्हते तिथं," म्हणाली, "मला पिक्चर कशाला?"

कार्यालय भरलं होतं. लोक गाण्यांच्या आशेने आले होते, पोरं शिट्ट्या वाजवायला तयार. मुलगी आणि विहीणबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत. मी पुढे, मानाच्या खुर्चीवर. पिक्चर सुरू झाला. एक माणूस कॅन धुतो. बराच वेळ धुतो. मग चालत घरी जातो. मागे कुणीतरी म्हणालं, "आवाज गेला का काय ह्याचा?"

मग ते आलं. नट स्टेजवर बसलेला. बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसतात, साहेबांचे ओठ हलताना दिसतात, पण ऐकू येतो फक्त कापड घासल्याचा आवाज, डोक्याभोवती. नटाच्या मागे, धुरकट, पांढरी गाडी. ती उभी आहे. उभीच आहे. नट मान हलवत नाही. त्याचे ओठ मात्र किंचित हलतात, एक, दोन, तीन. मग पांढरं जे होतं ते मागून सरकून जातं आणि त्याच्या हातात नारळ येतो. तो नारळाच्या शेंडीचे धागे काढत बसतो.

लोक खोकायला लागले होते. मी मागे वळून बघितलं नाही.

दिवे लागले तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी कार्यालयाच्या मालकाने माइक घेतला. पिक्चर कसाही असला तरी सत्कार व्हायला पाहिजे. पिक्चरवाल्या बाईंचा आणि आपल्या कवींचा. मला वर बसवलं. फेटेवाला तयारच होता, त्याने कापडाचं टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पहिला वेढा घातला. "मान हालवू नका," म्हणाला.

आणि मला समोर दिसलं की मुलगी उठली आहे. विहीणबाईंचा हात धरून ती दाराकडे निघाली होती. त्यांना नारायणगावची जीप धरायची होती, पुढे खोडदची गाडी चुकली असती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी उठलो. कापड ताणलं गेलं, फेटेवाला ओरडला, "आवो नाना, आवो!" मी दोन पायऱ्या उतरलो, मधल्या वाटेने दाराकडे निघालो. अर्धा फेटा डोक्यावर आणि उरलेला मागे फरशीवर लोळतोय, अशा अवस्थेत मी भर रस्त्याने स्टँडकडे धावलो. धावलो म्हणजे त्या वयात जेवढं होतं तेवढं. पोरं हसत होती.

जीप उभी होती. मुलगी आणि विहीणबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. मी पोचलो तेव्हा मला दम लागला होता. ड्रायव्हर टायरला टेकून तंबाखू मळत होता. "आराम करा, पावणं," म्हणाला. "अजून सा शिटं पायजेत."

मग मी जीपच्या खिडकीशी उभा राहिलो. एवढं धावून आल्यावर बोलायला काही नव्हतं. विहीणबाईंनीच सुरुवात केली. त्या संतापल्या होत्या.

"इवाई, ह्या पिक्चरवाल्या पोरीनं तुमची बदनामी केली बगा. तुमी गोठ्यामागं व्हता, सगळ्या जगाला म्हाईतंय. आन ही दाखवती नारळ घेताना! केस करा तिच्यावर."

सुटका समोर आयती आली होती. मान हलवली असती तरी भागलं असतं. मी मुलीकडे बघितलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"विहीणबाई," मी म्हणालो, "पिक्चरात दाखवलं तेच खरं आहे. मी स्टेजवर होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे वळल्या. "आन तू काय सांगितलं व्हतं गं मला?"

मुलगी बोलली तेव्हा बंदाकडेच बघत होती. "मला दिसत व्हतं," म्हणाली. "गाडी वळवून लावली व्हती ना, मागच्या काचंतून समदं स्टेज दिसत व्हतं. नारळ पन दिसला. रातच्याला तुमच्याकडच्या बायका इचारत व्हत्या, तुजा बाप कुठं दिसला न्हाई. मग काय सांगू?"

म्हणजे त्या दिवशी ओसरीवर ती मला विचारत नव्हती. पढवत होती. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं ते लग्न होऊन चार दिवस झालेली माझी मुलगी मला शिकवत होती, आणि मी ते इतकं चांगलं शिकलो की स्टेजवरून सांगत सुटलो.

एक शीट आलं, मग दोन एकदम आली. शेवटी विहीणबाईंनी पदर सारखा केला. "हे खोडदला बोलायचं न्हाई कुनी," म्हणाल्या. "पिक्चरवाल्यांनी बदललं म्हून सांगू." मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "ते कापड तरी सोडा. नायतर बांधून तरी घ्या नीट."

मी कापड सोडलं नाही. हात उचलून डोक्यापर्यंत न्यायचं सुचलं नाही. मला रडू यायला हवं होतं, हे मला कळत होतं. नाही आलं. मी मुलीला विचारलं, पाणी पिणार का? ती नको म्हणाली. कांद्याचं काय चाललंय विचारलं, तिने सांगितलं. कार्यालयाच्या भोंग्यावर माझं नाव पुकारत होते, कुठे असतील तिथून यावं म्हणून.

"जावा नाना," ती म्हणाली. "लोकं खोळंबल्यात."

"भरू दे जीप."

पाऊण तास लागला. ऊन होतं. शेवटचं शीट आलं, पोत्यासकट एक म्हातारा, तो आत घुसला, दार दोनदा आपटल्यावर लागलं. ड्रायव्हरने स्टार्टर मारला. मी खिडकीवरचा हात काढून घेतला.

जीप वळून हायवेला लागली. कोणतंही गाणं वाजत नव्हतं आणि मी काहीही मोजत नव्हतो. मागच्या काचेवर धूळ होती. मुलीने आतून हाताने ती पुसली, पण धूळ बाहेरून होती, तशीच राहिली. तरी ती मागे वळून बसली आणि बघत राहिली. मी हललो नाही. त्या काचेतून सगळं दिसतं, हे आता मला माहीत होतं.